गाडीतला बेस : वॅटची दंतकथा आणि खोक्याचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

गाडीच्या डिकीत बसवलेल्या सब-वूफरविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. दुकानदार वॅट सांगतो आणि सभ्य माणूस नाक मुरडतो. एकाच्या लेखी खोल बेस ही पैशाने विकत मिळणारी ताकद आहे, दुसऱ्याच्या लेखी तो टवाळखोरांचा गोंगाट आहे. ही मते परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांच्यामागचे अज्ञान एकच आहे. दोघांनाही ते लाकडी खोके दिसत नाही.

या थ्रेडचे म्हणणे सरळ आहे. खोल बेसचा इतिहास वॅटचा नाही, हवा कोंडण्याचा आहे. तो घडवला एका जर्मन शरीरशास्त्रज्ञाने, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील एका अभियंत्याने, न्यूयॉर्कच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीच्या कात्रीने, सिडनीतील दोन गणिती डोक्यांनी आणि किंग्स्टनमधल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर छापलेल्या आकड्याने या सर्वांना पुसून टाकले. तंत्रज्ञानाचा इतिहास कंपन्यांच्या जाहिरातींवरून लिहिला की असेच होते, आणि दुर्दैवाने ऑडिओचा बहुतेक लोकप्रिय इतिहास तसाच लिहिला गेला आहे.

प्रथम मूळ प्रश्न. स्पीकरला खोके लागतेच कशाला?

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, तो कागदी शंकू आणि तारेचे वेटोळे असलेला प्रकार, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उंच स्वरांच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. पण ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर असते. एवढ्या लांब लाटेला बारा इंची शंकूचा अडथळा जाणवतही नाही. मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. कोणताही उघडा वूफर हातात धरून वाजवला तर हे समजते: शंकू जिवाच्या आकांताने हलताना दिसतो आणि बेस मात्र येत नाही. त्या वेळी त्याला पन्नास वॅट दिले काय किंवा पाचशे, जी लाट स्वतःलाच खोडते आहे ती मोठ्याने खोडली जाईल, एवढेच.

म्हणजे मागची लाट कोंडणे हे खोक्याचे पहिले काम. मात्र हवा कोंडली की दुसरी अडचण उभी राहते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोके जितके लहान तितकी ती स्प्रिंग ताठ, आणि स्प्रिंग ताठ झाली की शंकूची नैसर्गिक वारंवारता वर सरकते, म्हणजे नेमका खालचा बेसच गळतो. पुढची पन्नास वर्षे सारा झगडा या एका स्प्रिंगशी होता.

या झगड्याची एक वाट हर्मन फॉन हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेतून येते. ध्वनिसंवेदनेवरील त्याचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने वापरलेले पोकळ गोळे एका ठराविक स्वरालाच घुमत, कारण गोळ्यातील हवा स्प्रिंग होते आणि तोंडातील हवा वजन होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारणाऱ्या प्रत्येक पोराने हा प्रयोग केलेला असतो. दक्षिणेतल्या घटम्‌वादकाच्या मडक्यातही हेच चालते. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने ही युक्ती स्पीकरच्या खोक्याला लावली आणि १९३२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. खोक्याला एक भोक किंवा नळी ठेवायची. नळीतील हवा योग्य वारंवारतेला डोलू लागली की शंकूची मागची लाट उलटून पुढच्या लाटेला साथ देते. शत्रूला कोंडण्याऐवजी त्याला कामाला लावण्याचा हा मार्ग. आजच्या प्रत्येक पोर्टवाल्या बॉक्सचा आणि सीटमागे पट्ट्याने बांधलेल्या प्रत्येक बेस ट्यूबचा पणजोबा तो आहे. डब्यावर मात्र त्याचे नाव नसते, असतो एक अग्निज्वाळेचे चित्र काढलेला वॅटचा आकडा.

दुसरी वाट अधिक मानवी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरात खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढा स्पीकर घ्यावा लागे. पॉल क्लिप्शने पेटंट घेतलेला कोपऱ्यातला हॉर्न तर खोलीच्या दोन भिंतींनाच आपल्या यंत्राचा भाग करून टाकी. एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मिती शिकवीत असे. त्याने उलटा विचार केला. सगळे अभियंते खोक्यातल्या हवेच्या स्प्रिंगला दोष देत होते. व्हिल्चरच्या लक्षात आले की खरा दोष शंकूच्या कडेच्या कापडी किंवा कागदी स्प्रिंगचा आहे. ती वाकडीतिकडी ताणते आणि स्वर बिघडवते. हवा मात्र नेमकी आणि समान ताणते. मग शंकू जवळपास सैल सोडावा, खोके लहान आणि पूर्ण बंद ठेवावे, आणि स्प्रिंगचे काम हवेलाच करू द्यावे.

असा सैल शंकू बाजारात मिळत नव्हता. व्हिल्चरची पत्नी रोझमेरी हिने युद्धकाळात नकाशे-आराखडे काढण्याचे काम केले होते. तिने गादीच्या खोळीचे कापड घेऊन कडेच्या लवचीक पट्टीचा नमुना बेतला. त्या प्रयोगातून पुढे हेन्री क्लॉस या विद्यार्थ्याच्या साथीने १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी आणि एआर-१ हा स्पीकर उभा राहिला. फळीवर मावणाऱ्या खोक्यातून, कपाटाएवढ्या पेटाऱ्यांनाही न जमणारा खोल आणि स्वच्छ बेस निघाला. ऑडिओच्या इतिहासात व्हिल्चरचे नाव येते, क्लॉसचे येते. गादीच्या खोळीचे कापड आणि ते बेतणारे हात तळटीपेतही क्वचित येतात. वॅटच्या दंतकथेला हात नकोच असतात. तिला नुसता दांडगा पुरुषी आकडा पुरतो.

येथे वॅटचा पक्ष घेणारा म्हणेल, की अखेर वॅट लागतातच ना? लागतात. कशासाठी लागतात, हे पाहिले की दंतकथेचा पाया निघतो.

क्लॉसने पुढे १९५७ मध्ये आणखी दोघांसह केएलएच ही कंपनी काढली. त्यातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. (हा प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन याचा मुलगा. वडिलांनी पियानो वाजवता वाजवता मोटारीच्या धक्काशोषकांची पेटंटे घेतली होती. मोटार आणि संगीत यांची सोयरीक या घरात जुनीच.) हॉफमनच्या नावाने ओळखला जाणारा लोखंडी नियम असा: खोके लहान, बेस खोल आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. हिशेबही कडक आहे. बेसची मर्यादा ६० हर्ट्झवरून ३० वर आणायची असेल आणि कार्यक्षमता तीच ठेवायची असेल, तर खोके आठपट मोठे करावे लागते. खोके तेवढेच ठेवले तर शक्ती आठपट ओतावी लागते.

याचा अर्थ काय? वॅट हा बेसचा उगम नाही, लहान खोक्याचा दंड आहे. डिकीत जागा नाही म्हणून तो भरावा लागतो. दंड मोठा भरला याचा अभिमान मिरवणारा माणूस आपण पाहिला तर हसू. गाडीच्या मागच्या काचेवर वॅटचा आकडा चिकटवणारा माणूस नेमके तेच करीत असतो.

आता सिडनी. खोक्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बौद्धिक टप्पा अमेरिकेत किंवा युरोपात घडला नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. थुरासच्या पेटंटनंतर तीस वर्षे पोर्टवाले खोके अंदाजपंचे दाहोदरसे पद्धतीने बनत होते. नळी कापायची, ऐकायचे, पुन्हा कापायची. नेव्हिल थीले या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये दाखवले की खोके आणि स्पीकर मिळून एक विद्युत फिल्टरच होतो, आणि फिल्टरचे तयार गणित त्याला जसेच्या तसे लागू पडते. हा निबंध ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. परिणामी जगाने तो दहा वर्षे वाचला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला, तेव्हा तो जणू नवीन शोध ठरला. ज्ञान कोठे छापले जाते यावर ते ज्ञान आहे की नाही हे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने शोधूनही सापडणार नाही.

सिडनी विद्यापीठातच संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने १९७२ पासूनच्या निबंधमालेत हे गणित पूर्ण केले. आज कोणत्याही प्रामाणिक वूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात: एफएस म्हणजे शंकूची स्वतःची वारंवारता, क्यूटीएस म्हणजे त्याची डोलण्याची खोड किती आवरली जाते याचे माप, आणि व्हीएएस म्हणजे शंकूच्या स्प्रिंगइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचे आकारमान. हे तीन आकडे असले की कोणीही कागदावर खोके बेतू शकतो. त्या वूफरला बंद खोके मानवेल की पोर्टचे, किती लिटरचे, नळी केवढी, सारे बाहेर पडते. खोलवरच्या स्वरांपुढे डिकी फारच लहान असल्याने खोक्याचा आकार चौकोनी आहे की पाचरीसारखा तिरपा, याने फरक पडत नाही. आतले घनफळ पडते, फळीचा ताठपणा पडतो आणि सांध्यांतून हवा निसटते की नाही हे पडते. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ, आतून आडवा टेकू आणि सांध्यांवर मन लावून फिरवलेले सीलंट, एवढ्या गोष्टी चांगल्या सुताराला जमतात. दुकानदार यांतले काही सांगत नाही, कारण यात त्याला विकण्यासारखे फारसे नसते. तो तयार खोके दाखवतो. कोणताही वूफर, कोणतीही गाडी, खोके तेच. अशा खोक्यात एकच स्वर फुगतो आणि गाणे कोणतेही असो, बाहेर एकसुरी धुमधुम पडते. ज्या आवाजाला लोक बेस म्हणून शिव्या घालतात, तो बहुतेक वेळा बेतात चुकलेले खोके असते.

स्मॉल उत्तरायुष्यात हार्मन समूहाच्या मोटारगाड्यांचे ध्वनी बनवणाऱ्या विभागात काम करू लागला, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. मोटार ही खोक्याच्या गणिताची सर्वांत मनोरंजक परीक्षा आहे.

गाडीत बसणाऱ्याला बेसचे वेड का लागते, याचे सभ्य समाजाने दिलेले उत्तर आहे बेमुर्वतपणा. भौतिकशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. धावत्या गाडीत टायर, रस्ता आणि इंजिन यांचा आवाज मुख्यतः खालच्या वारंवारतांत असतो, आणि तो गाण्यातला बेसच नेमका झाकतो. घरी तृप्त वाटणारे गाणे महामार्गावर पातळ का होते, त्याचे हे कारण. शिवाय माणसाचा कानही खालच्या स्वरांना बधिर असतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे वक्र काढून दाखवले. आजच्या मानकानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा भासतो, तेवढाच मोठा भासण्यासाठी २० हर्ट्झच्या स्वराला सुमारे १०० डेसिबल लागतात. परंतु एकदा तो ऐकू येऊ लागला की थोड्याशा वाढीनेही तो झपाट्याने मोठा होत जातो. शांततेतून अचानक छातीवर दाब यावा, तसा. त्या अनुभवाचे आकर्षण याच वक्रात आहे.

आणि गाडी स्वतः एक खोके आहे. बंद केबिनची लांबी अडीच मीटर धरली, तर सुमारे ७० हर्ट्झच्या खाली ध्वनीची अर्धी लाटही आत मावत नाही. मग लाट धावत नाही, सारी हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते. अशा स्थितीत स्वर जसजसा खाली जातो तसतसा दाब वाढतो, तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबल. बंद खोक्याचा बेस याउलट, आपल्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच कमी होतो. दोन उतार एकमेकांना भिडतात आणि जवळपास सपाट होतात. पत्रा लवतो, दारांच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात मिळकत कमी असते. तरीही व्हिल्चरने बैठकीच्या खोलीसाठी शोधलेले बंद खोके मोटारीत ज्या चपखलपणे बसले, त्याची कल्पना १९५४ मध्ये कोणी केली नसेल. मोठ्या खोलीत जो बेस मिळवण्यासाठी कपाटे लागतात, तो छोट्या गाडीत एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटरच्या खोक्यातून मिळू शकतो. ही वॅटची देणगी नव्हे. बंद दारांची आहे.

येथवरचा इतिहास प्रयोगशाळांचा झाला. बेस ऐकण्याची रीत मात्र प्रयोगशाळेत जन्मली नाही, ती किंग्स्टनच्या रस्त्यावर जन्मली.

ज्या जमैकन गरिबांना नृत्यगृहांची दारे बंद होती त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अंगणात आणि मोकळ्या मैदानांत 'साउंड सिस्टीम' उभारल्या. हेडली जोन्स हा ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून परतलेला तरुण. टॉम वाँग या सिस्टीम-मालकासाठी त्याने अ‍ॅम्प्लिफायर बांधले, आणि त्याची प्रचंड स्पीकर-कपाटे 'हाउस ऑफ जॉय' म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव नीट पाहावे: आनंदाचे घर. स्पीकरला घर म्हणणाऱ्या माणसांना खोक्याचे महत्त्व कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. पुढच्या पिढीत ऑस्बोर्न रडॉक, ऊर्फ किंग टबी, हा वॉटरहाउस वस्तीतला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर, स्वतःची सिस्टीम स्वतः बांधणारा. त्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून घेतला आणि ढोल व बेस उघडे ठेवले. ज्या खोक्यांतून ते वाजणार होते, ती खोकी त्याला आतून ठाऊक होती. ध्वनिमुद्रण आणि सुतारकाम यांच्यात येथे भिंत नव्हती.

ही रीत स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल, म्हणजे डीजे कूल हर्कने, ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये दिलेली पार्टी हिप-हॉपच्या इतिहासात नोंदली गेली आहे. फ्लोरिडातील मायामीत कॅरिबियन वस्ती मोठी, हवा बारमाही उबदार, आणि बागांत फिरत्या डीजेंच्या मैफली. तेथे १९८० च्या दशकाच्या मध्याला मायामी बेस नावाची शैली उभी राहिली. तिचा कणा होता रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र. १९८० ते १९८३ एवढीच वर्षे बनलेले, बाजारात पडलेले, आणि म्हणूनच जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळणारे. त्याच्या बेस ड्रमचा स्वर ५० हर्ट्झच्या आसपास बराच वेळ घुमत राहतो. खऱ्या ढोलासारखा तो मुळीच वाटत नाही, हाच त्याच्यावरचा आक्षेप होता. मोटारीच्या बंद केबिनमध्ये मात्र हा दीर्घ घुमणारा स्वर ज्या वारंवारतेला पडतो, तेथेच गाडी त्याला साथ देऊ लागते. बागेतली सिस्टीम डिकीत आली, कारण डिकीला परवाना लागत नव्हता, भाडे लागत नव्हते आणि ती घरापासून दूर नेता येत होती.

मग वॅटची दंतकथा कोठून आली? बाजारातून, आणि काहीशी कायद्याच्या फटीतून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीचे आकडे कसे मोजायचे याचा नियम केला, कारण उत्पादक वाटेल ते आकडे छापीत होते. तो नियम घरगुती मनोरंजनाच्या उपकरणांपुरता होता. मोटार त्यातून सुटली. गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी उद्योगाने स्वतःचे ऐच्छिक मानक आणले २००३ मध्ये, म्हणजे जवळपास तीन दशकांनी. त्या तीन दशकांत डब्यावर काय काय छापले गेले, हे जुन्या जाहिराती चाळणाऱ्याने पाहावे. आपल्याकडे याच काळात 'पीएमपीओ' नावाचे चार अक्षरी पुराण आले. ज्याच्या मोजणीला सर्वमान्य पद्धतच नव्हती, असा आकडा टेपरेकॉर्डरवर सोनेरी अक्षरांत झळकत असे.

खोटेपणा उघडा पाडायला शाळेतले गणित पुरते. गाडी चालू असताना विद्युतपुरवठा सुमारे १४.४ व्होल्ट असतो. व्होल्टेज वाढवणारे वेगळे सर्किट नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरला यातून, सारे काही आदर्श धरले तरी, सुमारे २६ वॅटच देता येतात. तरीही डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमवर चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॅट सर्रास लिहिलेले असते.

दंतकथेचे टोक पाहायचे तर आवाजाच्या दाबाच्या मोटार-स्पर्धा पाहाव्यात. तेथे काचांच्या जागी जाड तक्ते येतात, दारे बाहेरून आवळली जातात, पोकळ्यांत काँक्रीट भरले जाते आणि काही सेकंद एकच स्वर वाजवून आकडा नोंदला जातो. आत कोणी बसत नाही. किंग्स्टनच्या अंगणात जी गोष्ट माणसांच्या नाचासाठी उभी राहिली, तिच्यातून गाणे गेले, माणूसही गेला, आकडा राहिला. या स्पर्धांतही शेवटी जिंकते ते खोकेच, हा त्यातला उपरोध.

आता दुसऱ्या पक्षाकडे, सभ्यांकडे. त्यांची तक्रार खोटी नाही. खालचे स्वर भिंतीतून आरपार जातात, तान्ह्या मुलांची आणि आजाऱ्यांची झोप मोडतात, आणि दुसऱ्याच्या छातीवर आपला ठोका लादण्याचा हक्क कोणालाही नाही. परंतु ही तक्रार कायद्यात उतरते तेव्हा ती ध्वनीविरुद्ध असते की ध्वनी करणाऱ्या माणसाविरुद्ध, हे तपासावे लागते. फ्लोरिडात २५ फुटांवरून स्पष्ट ऐकू येईल असे संगीत गाडीत वाजवणे गुन्हा होते. व्यवसायासाठी किंवा राजकीय प्रचारासाठी आवाज करणाऱ्या गाड्यांना मात्र सूट होती. २००७ मध्ये दंड झालेल्या एका वकिलाने हे प्रकरण लढवले आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तेवढ्याच अंतरावर, तेवढाच आवाज. उमेदवाराचा चालतो, आइस्क्रीमवाल्याचा चालतो, गाणे ऐकणाऱ्याचा चालत नाही. यात शेजाऱ्याची झोप कोठे होती?

आपल्याकडचा घोळ अधिक मजेशीर आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बीबंदी, डॉल्बीमुक्त गणेशोत्सव हे शब्द दर भाद्रपदात वर्तमानपत्रांत येतात. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. येथून गेल्यावर त्याने १९६५ मध्ये लंडनला आपली कंपनी काढली, आणि तिचे पहिले उत्पादन होते ध्वनिफितीवरचा खरखराट कमी करणारे यंत्र. नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचे नाव आपण कानठळ्यांना दिले. शब्दांचे असे होते, त्यात गुन्हा नाही. पण ज्या गोष्टीवर बंदी घालायची तिचे नावही धड ठाऊक नसेल, तर ती मोजणार कशी?

आणि मोजमापातच खरा घोटाळा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि हे डेसिबल 'ए' पट्टीवरचे आहेत. ही पट्टी १९३६ च्या अमेरिकन मानकात आली, तीही फ्लेचर-मन्सन यांच्या ४० डेसिबलच्या, म्हणजे मंद आवाजाच्या, वक्रावरून. मंद आवाजात कान बेसला बधिर असतो, म्हणून ती बेसला जवळपास वगळते. मोठ्या आवाजासाठी 'सी' पट्टी आली, कारण मोठ्या आवाजात कानाची ही बधिरता बरीच कमी होते. ४० हर्ट्झचा १०० डेसिबलचा स्वर रस्त्यावर आला, तर 'सी' पट्टीवरचा मीटर ९८ दाखवतो. 'ए' पट्टीवरचा ६५.

म्हणजे छाती हादरवणारा स्वर पोलिसांच्या मीटरवर गप्पांच्या पातळीला येतो, आणि जो कमी बेसचा, किरकिरा, तोंडावर आदळणारा स्पीकर आहे तो पकडला जातो. तक्रारदाराला वाटते पोलीस मिळालेले आहेत. गाडीवाल्याला वाटते आपल्याला विनाकारण छळले. मीटर दोघांशीही खरेच बोलत असतो, फक्त ९० वर्षांपूर्वीच्या मंद आवाजाच्या भाषेत.

भारतीय कायद्याला 'सी' पट्टी ठाऊक नाही असेही नाही. १९९९ च्या अधिसूचनेत चार मीटर अंतरावरची १४५ डेसिबलची शिखरमर्यादा याच 'सी' पट्टीवर दिलेली आहे. ती फटाक्यांसाठी आहे.